बोटीतला एकजण

माझ्या अंगावर पोचे आहेत, माझी मूठ दोनदा बदललेली आहे आणि डोक्यावरचे झाकण तर दुसऱ्याच कोणाचे तरी आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. मागाहून कोणी नाक मुरडायला नको. मी किटली आहे, मित्रांनो. जुनी, ॲल्युमिनियमची, अख्ख्या तुकडीचा चहा एका दमात पोटात घेणारी. आज मी तुम्हाला एका सैनिकाने लिहिलेल्या पुस्तकाची हकिकत सांगणार आहे. त्या पुस्तकावरून त्याचेच जिवाभावाचे सोबती त्याच्यावर कसे रुसले, ते मी फडताळावर बसून पाहिले आहे. मधूनमधून मी स्वतःचेही कौतुक करून घेईन, तेवढे चालवून घ्या.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. आधी मी नुसता एक गोल पत्रा होते. यंत्राने मला दाबून, फिरवून पोट काढले आणि एका कारागिराने मला चोच बसवली. ती जराशी डावीकडे कलली. तपासणीसाने मला बाजूला ठेवले तेव्हा वाटले, आटोपले आपले. पण त्याच आठवड्यात नौदलाची मोठी मागणी आली, किटल्या कमी पडू लागल्या आणि त्याच तपासणीसाला माझ्यात एकाएकी काही खोट दिसेना. अशी मी नोकरीला लागले.

माझी नेमणूक मरीन सैनिकांच्या एका तुकडीवर झाली. मरीन म्हणजे जहाजावर राहणारे, पण लढायला जमिनीवर उतरणारे सैनिक. खलाशी त्यांना 'जमिनीवरचे' म्हणून चिडवतात आणि जमिनीवरचे सैनिक 'पाण्यातले' म्हणून. दोन्हीकडून टोमणे खाऊन ते आपापसांत फार घट्ट होतात. आमच्या तुकडीत कोणालाच त्याच्या खऱ्या नावाने हाक मारत नसत. मला सांभाळायचा तो 'आचारी'. दारातून वाकून यावे लागायचे तो 'पहाड'. रेडिओ पाठीवर वाहायचा आणि स्वतःही तसाच बोलायचा तो 'खरखर'. कानावर सदा पेन्सिल खोचलेला, मिळेल त्या कागदावर काहीतरी टिपणारा तो 'पेन्सिल'. आणि तुकडीचे म्होरके ते 'मोठे'. सगळे एकमेकांना अरे-तुरे करत, पण मोठ्यांना मात्र 'अहो मोठे'. ते वयाने काही फार मोठे नव्हते. पण ते कधी गडबडत नसत, आणि त्या वयात तेवढे पुरते.

ह्या तुकडीत एक रीत होती. चहाच्या वेळी कोणी गोष्ट सांगू लागला आणि बोलता बोलता 'मी' म्हणाला, की त्या दिवशीचे सगळे पेले त्याने घासायचे. मी हे केले, मी ते केले असे बोलायचेच नाही. 'आम्ही' म्हणायचे, आणि अगदीच इलाज नसेल तर 'आमच्यातला एकजण'. ही रीत मोठ्यांनी घातली होती. बढाईखोरांच्या तोंडाला त्यामुळे आपोआप लगाम बसला. पहाडने पहिल्याच महिन्यात इतके पेले घासले की पुढे तो मुका झाल्यासारखा वागू लागला. मला ही रीत फार आवडायची. पण तिच्यातून पुढे काय घोळ होईल, ते तेव्हा मला तरी कुठे ठाऊक होते?

एका सकाळी दाट धुके पडले असताना तुकडीला एका बेटावर उतरायचा हुकूम झाला. नेण्याच्या सामानात माझा समावेश नव्हता. आचाऱ्याने मला गुपचूप आपल्या पाठीवरच्या बोजाला बांधले. बोटीत दोन्ही बाजूंना बाकडी होती. सगळ्यांनी समोर पाहायचे, शेजाऱ्याकडे बघायचे नाही, बोलायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. मोठे सगळ्यांच्या पुढे, बोटीच्या टोकाशी, आमच्याकडे पाठ करून बसले होते. मी मात्र आचाऱ्याच्या पाठीवर उलटी लटकत होते आणि मला कोणी ताकीद दिलेली नव्हती. म्हणून मी सगळ्यांकडे पाहून घेतले.

मित्रांनो, त्या बोटीतला जो जो मला दिसला तो तो रडत होता. पहाडचे खांदे गदगदत होते. खरखरचे ओठ आईला हाका मारत होते. पेन्सिलची मान खाली गेली होती आणि आचाऱ्याचे हुंदके तर मला त्याच्या पाठीतून कळत होते. पण लाटांचे पाणी उडून सगळ्यांचीच तोंडे ओली झाली होती आणि इंजिनाच्या घरघरीत दुसरे काही ऐकू येत नव्हते. त्यामुळे प्रत्येकाची समजूत झाली की पाचावर धारण बसली आहे ती आपली एकट्याचीच. मोठ्यांची मला फक्त पाठ दिसली, आणि ती ताठ होती.

किनाऱ्याला लागलो तर तिथे चिटपाखरू नाही. समोरची फौज आदल्याच दिवशी निघून गेली होती. आचाऱ्याने ओल्या लाकडांशी झटापट करून माझ्यात चहा केला. लटपटणारे पाय त्या चहावर उभे राहिले, असे मी म्हणते. पुढे त्या बेटावर खरे कष्टाचे दिवस आले, वाईट दिवसही आले. जे गेले ते सगळे परत आले नाहीत. जे आले त्यांनी सकाळच्या त्या बोटीविषयी पुन्हा कधी अवाक्षर काढले नाही.

मग तुकडी मोडली. आचाऱ्याने मला भंगारातून उचलून घरी नेले. त्याच्या बायकोने मला वरून खाली न्याहाळले आणि म्हणाली, "आपण दोघंच राहतो. हिच्यात काय आंघोळ करायची?" माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्यात आधी खिळे ठेवले, मग रंगाचे ब्रश. झाकण हरवले ते त्याच काळात. वर्षानुवर्षे माझ्या पोटात गरम असे काही पडले नाही. लोकांना वाटते भांडी वापरून झिजतात. मी माळ्यावर जेवढी झिजले तेवढी जहाजावर झिजले नव्हते.

सगळे नोकऱ्यांतून मोकळे झाले तेव्हा त्यांनी बंदराजवळच्या दोरखंडांच्या जुन्या गोदामाची वरची खोली भाड्याने घेतली. दर गुरुवारी दुपारी तिथे जमायचे ठरले. आचाऱ्याला माझी आठवण झाली. त्याने मला खाली काढले, लिंबू लावून घासले, नवे म्हणजे जुनेच झाकण घातले आणि मी पुन्हा कामावर रुजू झाले. भिंतीवर खुंट्या ठोकल्या, त्यांवर पेले टांगले. जे परत आले नव्हते त्यांचेही पेले टांगले आणि तेही दर गुरुवारी पुसले जातात. खोली पाण्याच्या बाजूने दमट आहे आणि जिना अंगावर येतो. तरी गुरुवार कोणी चुकवत नसे.

पेन्सिलचा तर जीव त्या गुरुवारात होता. त्याने पाणीखात्यात घरोघर मीटर तपासायची नोकरी केली होती. बायको वारली होती. लेक दातांच्या दवाखान्यात कामाला, दिवसभर बाहेर. घरी ह्याच्याशी बोलायला फक्त नळ. तो लवकर यायचा, खिडकी उघडायचा आणि टेबलाशी बसून लिहायचा. तो तुकडीच्या आठवणींचे पुस्तक लिहीत होता. बाकीचे येऊन त्याच्या खांद्यावरून डोकावायचे.

"माझं काय लिहिलंस?" पहाड विचारायचा.

"तू दारावर डोकं आपटलंस ते."

"कितव्यांदा?"

"ते वाचकांवर सोडलंय."

खोलीत हशा उठायचा. लेक रात्री कामावरून आल्यावर ते सगळे टाइप करायची. गावातल्या एका छोट्या छापखान्याने ते छापले. पुस्तक आले त्या गुरुवारी आचाऱ्याने चहात साखर जास्त टाकली. प्रत्येकाने आपापली प्रत काखोटीला मारली, पेन्सिलच्या पाठीवर थापा पडल्या. मोठ्यांनी तर उठून त्याच्याशी हात मिळवला. पेन्सिलचे कान लाल झाले होते. असा सुखी माणूस मी त्या खोलीत त्याआधी पाहिला नव्हता.

पुढच्या गुरुवारी मात्र हवा पालटली. पहाड आला, बसला आणि म्हणाला, "बोट हिरवी होती."

"काय?" पेन्सिल गोंधळला.

"पुस्तकात करडी लिहिलीस. हिरवी होती."

"धुक्यात करडी दिसत होती रे."

"हिरवी होती."

तेवढ्यात खरखरने तोंड उघडले. "आणि माझा रेडिओ बंद पडला होता म्हणे! बंद नव्हता तो. तो ऐकत होता."

आचाऱ्याने मला टेबलावर आदळले. माझ्या पोटातला चहा हिंदकळला. "'गरम आणि पातळ चहा.' पातळ! उभ्या आयुष्यात पातळ चहा केला नाही आपण."

आणि त्या दिवशी आचाऱ्याने पेन्सिलचा पेला सगळ्यांत शेवटी भरला. आमच्यात ह्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. शेवटी येतो तो तळाचा चहा, चोथा घेऊन येतो, आणि ज्याच्यावर तुकडीची मर्जी नसते त्याला तो मिळतो. ओतायचे काम माझे. मला काही विचारत नाहीत.

मोठे तर आलेच नाहीत. गुडघे दुखतात, असा निरोप आला. नंतरच्या गुरुवारीही गुडघेच दुखत होते.

खरी गोष्ट बोटीच्या रंगाची नव्हतीच. एकदा पहाड सगळ्यांच्या आधी आला. खोलीत मी आणि तो. त्याने पुस्तक काढले आणि ते आपोआप एका पानावर उघडले, इतक्या वेळा ते पान वाचून झाले होते. तो मोठ्याने वाचू लागला. जाड भिंगाचा चष्मा लावणारी माणसे एकटी असली की तशी वाचतात. "बोटीत आमच्यातल्या एकाने मान खाली घातली ती किनारा लागेपर्यंत वर केली नाही. तो रडत होता. तोंडावर पाणी उडत होते, म्हणून कोणाला कळले नाही. त्याचे नाव इथे लिहायचे कारण नाही. तो अजूनही दर गुरुवारी आमच्याबरोबर चहा घेतो." पहाडने पुस्तक मिटले. "पाहिलं वाटतं ह्यानं," तो पुटपुटला. "आणि छापलं." एवढा मोठा देह, पण तेव्हा तो खुर्चीत मावून वर जागा उरली असे मला वाटले.

आता तुमच्या ध्यानात आले असेल. पहाडला वाटत होते, हा एकजण म्हणजे आपणच. खरखरलाही तेच वाटत होते आणि आचाऱ्यालाही. पण तसे बोलून दाखवावे तर आपणच कबूल केल्यासारखे होणार. म्हणून राग रंगावर निघत होता, रेडिओवर निघत होता, माझ्या चहावर निघत होता. मला सगळे माहीत होते. पण किटलीला चोच असून काय उपयोग? तिच्यातून चहाच येतो.

पेन्सिल साधा माणूस. त्याला वाटले, सोबती रागावलेत ते चुकांवर. त्याने त्यांचा शब्द न् शब्द ऐकून घेतला आणि छापखान्यात जाऊन एक शुद्धिपत्र छापून आणले. 'करडी बोट' च्या जागी 'हिरवी बोट' वाचावे. 'बंद पडलेला रेडिओ' च्या जागी 'ऐकत असलेला रेडिओ' वाचावे. 'पातळ' हा शब्द गाळावा. गुरुवारी त्याने एकेक कागद प्रत्येकाच्या हाती दिला आणि मोठ्या आशेने सगळ्यांकडे पाहत उभा राहिला.

तिघांनी चष्मे चढवले. तिघांचीही नजर बोटीतल्या रडण्याचे ते पान शोधत शोधत खाली गेली. त्या पानाविषयी तिथे अक्षर नव्हते. तिघांनी कागद घड्या घालून खिशात टाकले.

"आता तरी सगळं बरोबर आहे ना?" पेन्सिलने विचारले.

आचाऱ्याने मला उचलले आणि चहा ओतायला घेतला. पेन्सिलचा पेला पुन्हा शेवटी राहिला. त्यात चोथ्यासकट उरलेले दोन घोट पडले.

पेन्सिल ते पाहत राहिला. मग त्याने पेला रिकामा केला, धुतला, पुसला आणि खुंटीला न अडकवता आपल्या पिशवीत घातला. "येत जाऊ नये म्हणतो आता," तो म्हणाला. "माझं काय चुकलं ते मला कळत नाही, आणि तुम्ही सांगत नाही. तुमच्याशिवाय मला कोणी नाही म्हणून तर लिहिलं होतं." मला इतके वाईट वाटले की काय सांगू! ह्या माणसाचा एकुलता एक गुरुवार त्या पिशवीत चालला होता आणि मी फडताळावर बसून नुसती थंड होत होते.

उरलेल्या पुस्तकांचे गठ्ठे घरी न्यायला त्याची लेक त्याच वेळी जिना चढून वर आली. दवाखान्यातून थेट आली होती, अंगावर अजून तो पांढरा डगला होता. तिने बापाचा चेहरा पाहिला, पिशवीतून डोकावणारा पेला पाहिला आणि ती दारातच थांबली.

"काका, एक विचारू?" ती म्हणाली. तिचा स्वर नीट होता, पण हात कमरेवर होते. "रंग, रेडिओ, चहा सगळं दुरुस्त करूनही तुम्ही रुसलेलेच, म्हणजे कारण ते बोटीचं पानच. बाबा बोटीत रडले, ह्याचा तुम्हाला एवढा राग का आला? तेव्हा ते माझ्याहूनही लहान होते."

पहाडने हातातला पेला खाली ठेवला.

"कोण रडला?" पहाडने विचारले.

"बाबा. ते पान टाइप करताना मी विचारलं ना, हा एकजण कोण? तर म्हणाले, मीच. पण तसं लिहिता येत नाही. 'मी' लिहिलं तर सगळ्यांचे पेले घासावे लागतात."

पहाड उठून उभा राहिला आणि उभे राहताना दिव्याला डोके आपटले. त्याला त्याचे काही नव्हते. "पेन्सिल, अरे... तो तू होतास?"

"मग कोण?" पेन्सिल म्हणाला.

"मला वाटलं, मी!"

"मी होतो ना पण," खरखर म्हणाला. त्याचा आवाज प्रथमच स्वच्छ येत होता. "मला वाटलं, तू माझ्या शेजारी होतास, तू पाहिलंस."

"मी समोर बघत होतो. हुकूमच होता."

आचाऱ्याने ॲप्रन तोंडाला लावला आणि त्याचे खांदे हलू लागले. सगळे त्याच्याकडे धावले, तर तो हसत होता. हसता हसता रडतही होता, पण ते आता कोणी लपवत नव्हते. "मी पण," तो म्हणाला. "मी पण रे! आणि तुला तळाचा चहा पाजला मी!"

"तुम्ही सगळ्यांनी 'मी' म्हटलंत," लेक म्हणाली. मग मोरीशी जी काय झुंबड उडाली! पेले घासायला चौघे जण आणि नळ एक. पाणी पेल्यांपेक्षा अंगावरच जास्त गेले. पेन्सिलचा पेला पिशवीतून कोणी काढून घेतला, ते त्याला कळलेही नाही.

पण एक खुर्ची रिकामी होती. "मोठे?" पेन्सिलने विचारले, आणि गुडघ्यांचे दुखणे खरे नसावे, हे सगळ्यांच्या ध्यानात आले. "त्यांना नसेल आवडलं," खरखर म्हणाला. "त्यांच्या तुकडीतला माणूस रडला, हेच त्यांना सहन झालं नसेल." आचाऱ्याने जास्त विचार केला नाही. ताजा चहा केला, माझ्या चोचीत कापडाचा बोळा कोंबला आणि मला फडक्यात गुंडाळले. लेकीने पुस्तकांचे गठ्ठे तिथेच टाकले. पहाडने मला मांडीवर घेऊन बसमधून नेले. इतक्या वर्षांनी मी पुन्हा ह्या माणसांबरोबर कुठेतरी निघाले होते. मला फार बरे वाटत होते.

दार मोठ्यांच्या बायकोने उघडले. "आलात एकदाचे," वहिनी म्हणाल्या. "हे बोलत नाहीत, जेवत नाहीत धड. पुस्तक घेऊन बसतात. एकच पान."

मोठे खिडकीशी पाठ करून बसले होते. पाठ अजूनही तशीच ताठ होती. पेन्सिल पुढे झाला. "मोठे, तुमची मान खाली गेली असेल तर चुकलं माझं. तो एकजण मी होतो. आणि हे म्हणतात, हेही होते."

मोठे बाहेरच पाहत म्हणाले, "मी पुढे का बसलो होतो, माहीत आहे तुम्हाला?"

"वाट दाखवायला," पहाड म्हणाला.

"धुक्यात कसली वाट? माझं तोंड तुम्हाला दिसू नये म्हणून." आणि ते खुर्चीतच वळले. "मला वाटलं, पेन्सिलनं पुढे वाकून पाहिलं असणार. आता ह्या सगळ्यांना तोंड कसं दाखवू? म्हणून गुडघे दुखत होते."

कोणी हसले नाही. पहाडने फक्त हात पुढे केला आणि मोठ्यांच्या खांद्यावर ठेवला. नंतर सगळे त्यांच्याभोवती बसले, कोणी पलंगावर, कोणी जमिनीवर, अगदी खांद्याला खांदा लावून. वहिनींनी कप आणले आणि आचाऱ्याने मला सोडवले. सर्वांत आधी पेन्सिलचा कप भरला, मग लेकीचा, मग वहिनींचा.

"दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतो," पेन्सिल म्हणाला. "'आम्ही सगळे' असं घालतो."

"दुसरी आवृत्ती? पहिली खपू दे," खरखर म्हणाला.

"आणि ते पान तसंच राहू दे," मोठे म्हणाले. "नाव घालू नकोस, सगळे असंही घालू नकोस. आपल्याला कसं वाटलं, हा मीच? वाचणाऱ्यालाही तसंच वाटू दे. कुठेतरी कोणी एकटाच मान खाली घालून बसला असेल, त्याच्या ते कामी येईल."

तर मित्रांनो, मी आता सुखात आहे. गुरुवारी माझे पोट भरलेले असते. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला माळ्यावर टाकू नका. काम झाले की घासा, कोरडे करा, झाकण जागेवर ठेवा. पण मी तर भांडे, माझे पोचे कोणालाही दिसतात. माणसांचे दिसत नाहीत. माझी खरी विनंती त्यांच्यासाठी आहे. कधी तुम्हाला फार भीती वाटली तर समोर बघा असा कोणाचाही हुकूम असो, एकदा शेजारी बघा, आणि त्याला हळूच सांगा, "मला भीती वाटते." तोही बहुधा तेच म्हणेल.